आधी मीटर, मग पॅनेल

जिल्हा परिषदेच्या शाळेचे वीजबिल कोठून भरले जाते, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून ते भागवायचे असते, आणि तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला हे अनुदान वर्षाला १०,००० रुपये ठरलेले आहे. स्वच्छता, शैक्षणिक साहित्य, किरकोळ दुरुस्तीही त्यातच. अनुदान लांबले की बिल थकते, बिल थकले की वीज तोडली जाते आणि लोकवर्गणीतून घेतलेला संगणक झाकून ठेवावा लागतो. अशा शाळेला छतावरची सौरवीज खरोखर आधार देऊ शकते. मात्र नुसते पॅनेल बसवून बिल उतरत नाही. बचतीचा मोठा वाटा मीटरवर ठरतो.

हिशेब साधा आहे. एक किलोवॉटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देते. तिला शंभरेक चौरस फूट, सावली न पडणारी जागा पुरते. चार खोल्यांच्या शाळेत पंखे, दिवे, टीव्ही मिळून रोज सहा युनिट लागतात असे धरू. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान २०० दिवस भरतात. ऊन मात्र सुटी घेत नाही. नेट मीटर नसेल तर शाळेच्या दिवसांतली चार-चार, अशी ८०० युनिटेच कामी येतात आणि सुट्यांमधली वीज वाया जाते. नेट मीटर असेल तर ती महावितरणच्या जाळ्यात जाऊन शाळेच्या खात्यावर जमा होते आणि वर्षाची १,२०० युनिटांची सगळी गरज भागते. ‘मे महिन्यात शाळा बंद, मग पॅनेल कशाला?’ या आक्षेपाचे उत्तर इथेच मिळते. जमा युनिटांचा हिशेब मार्चअखेर मिटतो, त्यामुळे मेमधली शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत वापरता येते. (स्थिर आकार तरीही भरावाच लागतो. शून्य बिलाची हमी देणाऱ्या विक्रेत्याला एवढे जरूर विचारावे.)

एक अडचण फारशी बोलली जात नाही. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षेसाठी ती सोय केलेली असते. म्हणजे थकबाकीपायी जोड तुटलेल्या शाळेला भर उन्हातही या पॅनेलचा उपयोग नाही. बॅटरीची यंत्रणा चालेल, पण काही वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे कोण देणार? जिथे तारच पोचलेली नाही अशा पाड्यांपुरतीच ती योग्य.

इतक्या छोट्या बिलासाठी एवढा खटाटोप परवडतो का? यंत्रणेला साठ हजार रुपये आणि युनिटला सात रुपये धरले, तर नेट मीटरसह सुमारे सात वर्षांत पैसे वसूल होतात, त्याविना जवळपास अकरा वर्षे लागतात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. इन्व्हर्टर मध्ये एकदा-दोनदा बदलावा लागेल, तो खर्च आधीच धरावा. सुरुवातीचे साठ हजार मात्र शाळेकडे नसतात, आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतील अनुदान घरांसाठी आहे. म्हणून जिल्हा नियोजनाच्या निधीतून तालुक्यातील शाळांची एकच निविदा काढावी आणि पाच वर्षांची देखभाल व धूळ धुण्याचे काम करारातच लिहून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीने छताचे माप घेण्याआधी थकबाकीचा आकडा काढावा आणि नेट मीटरचा अर्ज करावा.