पाया खचला, मनोरा उभा

विंचेस्टरच्या कॅथीड्रलखाली १९०६ ते १९११ या काळात एक पाणबुड्या काम करत होता. समुद्रापासून दूर, चर्चच्या भिंतीखाली. विल्यम वॉकर त्याचं नाव. कॅथीड्रलच्या पायाखाली पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा मऊ, पाणथळ थर आहे. इमारत खचू लागली, भिंतींना तडे गेले. पाया मजबूत करायला खड्डे खणले की ते पाण्याने भरत, आणि पाणी उपसावं तर भिंतच खाली येण्याची भीती. तेव्हा पाण्यातच काम करायचं ठरलं. वॉकर रोज जड पोशाख चढवून काळ्या, गढूळ पाण्यात उतरे. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. हाताने चाचपून तो पीट काढी आणि काँक्रीटच्या पिशव्या रचून तळ बुजवी. मग पाणी उपसून गवंडी पुढचं काम करत. या दुरुस्तीत २५ हजार पिशव्या काँक्रीट, १ लाख १५ हजार ठोकळे आणि ९ लाख विटा लागल्या. पुढे वॉकरचा छोटा पुतळा बसवला, तर त्यावरचा चेहरा निघाला त्या कामावरच्या इंजिनिअरचा, फ्रान्सिस फॉक्सचा! योग्य चेहऱ्याचा पुतळा यायला २००१ साल उजाडलं.

इंग्लंडची ही जुनी कॅथीड्रलं म्हणजे बिशपची गादी असलेली मोठी चर्चेस. सहलीच्या बसमधून ती पाहिली की लवकरच सगळी सारखी दिसायला लागतात. त्यात पाहणाऱ्याचा दोष नाही. उंच खांब, रंगीत काचा, थडगी, दुकान, चला पुढे. पण यातलं जवळपास प्रत्येक कधी ना कधी पडलं, कललं किंवा खचलं आहे, आणि कुणीतरी डोकं लढवून ते सावरलं आहे. हे लक्षात ठेवून निघालं तर प्रत्येक गावात वेगळी गोष्ट सापडते. त्यासाठी स्वतःची गाडी असलेली बरी, कारण या गोष्टी भोवतीच्या जमिनीशी जोडलेल्या आहेत, आणि ती जमीन रस्त्यावरूनच समजते.

गाडी चालवणं भारतीयाला फारसं जड जात नाही. तिथेही डावीकडूनच चालवतात, आणि पर्यटकाला भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. सवय करावी लागते ती दोन गोष्टींची. पाट्या आणि स्पीडोमीटर मैलांत असतात. वस्तीत साधारण ३० मैल आणि मोटरवेवर ७० मैल, म्हणजे ताशी सुमारे ११२ किलोमीटर ही मर्यादा. दुसरी गोष्ट चौकातल्या गोल चकरीची. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे खरोखर पाळतात. आपण ‘घुसवायला’ गेलो तर हॉर्न वाजत नाही, पण नजरा पुरेशा असतात. पंपावर पेट्रोल स्वतःच भरायचं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची.

विंचेस्टरहून तासाभराच्या आत सॉल्झबरी येतं. तिथला १२३ मीटरचा मनोरा ब्रिटनमधला सर्वांत उंच चर्च-मनोरा आहे. १२२० साली टेकडीवरची जुनी जागा सोडून खाली नदीकाठच्या कुरणात हे नवं कॅथीड्रल बांधायला घेतलं. पाया जेमतेम सव्वा मीटर खोल, आणि खाली पाण्यात मुरलेला खडीचा थर. त्यावर पुढे सुमारे साडेसहा हजार टनांचा मनोरा चढवला. आत उभं राहून मधल्या संगमरवरी खांबांकडे निरखून पाहिलं तर ते वजनाने चक्क वाकलेले दिसतात. १६६८ मध्ये वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेनने मोजणी केली तेव्हा मनोरा सुमारे ७५ सेंटिमीटर कललेला निघाला. पायाखालचं पाणी आटता कामा नये, म्हणून फरशीतला एक दगड उचलून, आत काठी घालून आजही पातळी पाहतात. आठशे वर्षांच्या इमारतीची तब्येत तपासायला काठी! याच कॅथीड्रलमध्ये १२१५च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे. तिच्यासमोर रांग असते, वाकलेल्या खांबांसमोर कुणी नसतं.

वेल्स नावाच्या गावातल्या कॅथीड्रलचा मनोरा उंचावल्यावर त्याला तडे गेले. १३३८ पासूनच्या दहा वर्षांत तिथल्या कारागिरांनी एका कमानीच्या डोक्यावर दुसरी कमान उलटी ठेवली, आणि तेही तीन बाजूंनी. पहिल्या नजरेला ती आधुनिक शिल्पकाराची करामत वाटते. प्रत्यक्षात तो टेकू आहे.

पुढे ऑक्सफर्ड, आणि इथे गाडी गावाबाहेर ठेवलेली बरी. विद्यापीठाच्या गावांत मोटारीला मान नाही. अरुंद रस्ते, बसपुरत्या राखीव गल्ल्या आणि कॅमेरे. चुकून आत शिरलं तर दंडाचा कागद भाडेकंपनीमार्फत नंतर घरी येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे वेशीवर ‘पार्क अँड राइड’चे तळ आहेत, गाडी तिथे लावून बसने आत जायचं. ऑक्सफर्डचं कॅथीड्रल क्राइस्ट चर्च कॉलेजच्या आवारातच आहे. ते कॉलेजचं प्रार्थनागृहही आहे, आणि तिथलं घड्याळ अजून जुन्या हट्टावर आहे. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्याने स्थानिक वेळ पाच मिनिटं मागे. रेल्वे आली, देशाची एक वेळ ठरली, तरी तिथल्या प्रार्थना पाच मिनिटं उशिराने सुरू होतात आणि कॉलेजच्या टॉम टॉवरची घंटा रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ ठोके देते. ‘बॉम्बे टाइम’ला स्वातंत्र्यानंतरही चिकटून राहिलेल्या मुंबईला हे परकं वाटू नये. याच ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी कायदा शिकल्या. १८९२ मध्ये त्यांनी परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी मिळायला पुढची तीस वर्षं गेली.

केंब्रिजला कॅथीड्रल नाही. १९५१ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला तो कॅथीड्रलशिवायच. ती उणीव किंग्ज कॉलेजचं चॅपल भरून काढतं. पंख्यासारखं उलगडत जाणारं त्याचं दगडी छत जॉन वॉस्टेलने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत घडवलं. मराठी माणसाने मात्र जवळच्या सेंट जॉन्स कॉलेजकडेही वळावं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये इथूनच गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले, आणि ‘रँग्लर परांजपे’ हेच त्यांचं नाव होऊन बसलं.

केंब्रिजहून पंचवीसेक किलोमीटरवर ईली आहे, आणि या सफरीत एकच कॅथीड्रल पाहायचं ठरलं तर ते हेच निवडावं. भोवती दलदल उपसून काढलेली सपाट शेतं. त्यामुळे कॅथीड्रल फार दूरवरून दिसतं आणि बराच वेळ जवळच येत नाही. फेब्रुवारी १३२२ मध्ये इथला मधला मनोरा रात्री कोसळला. आवाजाने मठातल्या साधूंना भूकंप वाटला. अॅलन ऑफ वॉल्सिंगहॅम या साधूने त्या जागी पुन्हा चौकोनी मनोरा उभारला नाही. चारी कोपऱ्यांचे खांब काढून अष्टकोनी मोकळी जागा केली. ती सुमारे २२ मीटर रुंद. एवढ्या अंतरावर दगडी छत टाकणं शक्य नव्हतं. तेव्हा राजाचा सुतार विल्यम हर्ली आला. प्रत्येकी १९ मीटर लांबीचे ओकचे आठ सोट शोधून आणले, आणि त्यांवर लाकूड आणि शिशाचा कंदिलासारखा मनोरा उभा केला. खालून पाहणाऱ्याला तो अधांतरी वाटतो. वर जायची तिकिटं मिळतात. चित्रातल्या देवदूतांच्या मागच्या झडपा उघडून खाली पाहता येतं, आणि जुन्या लाकडांचे जोड हाताच्या अंतरावर दिसतात.

लिंकनच्या मधल्या मनोऱ्यावरचा सुळका १६० मीटर उंच होता असं मानतात, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडहून उंच. १५४८ मध्ये तो पडला आणि परत कुणी बांधला नाही. तिथे गाडी टेकडीवरच लावावी. ‘स्टीप हिल’ हे गल्लीचं नाव आहे आणि इशाराही. यॉर्कचा मधला मनोरा १९६७ मध्ये धोक्यात आला. आधार द्यायला खणलं तर खाली रोमन छावणीचे अवशेष सापडले. आता ते तळघरात पाहता येतात. शेवटी डरहॅम. वेअर नदीच्या वळणावरच्या खडकावर १०९३ मध्ये सुरुवात करून ते चाळीस वर्षांत बांधलं. शेजारच्या किल्ल्यात विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात.

या सगळ्याला आठ-दहा दिवस हाताशी हवेत. बहुतेक ठिकाणी तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही. डरहॅममध्ये मात्र ऐच्छिक देणगी चालते. पण संध्याकाळच्या ‘ईव्हनसाँग’ प्रार्थनेला कुठेही पैसे पडत नाहीत आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला बसता येतं. ती साधारण पाच-साडेपाचला असते, पाऊण तास चालते. ऑगस्टमध्ये गायक मुलांना सुट्टी असल्याने तिथला स्वतःचा गायकवृंद बहुधा नसतो, म्हणून सहल मे-जूनमध्ये आखावी आणि वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी.