पडीक जमिनींत बियांपासून गवताचें कुरण

गवत हें एक पीक आहे असें मानणारे शेतकरी देशावर अजून थोडेच आढळतात. पावसाबरोबर तें आपोआप उगवावें आणि जनावरांनीं खावें, एवढाच त्याचा विचार होतो. सात-बाऱ्यावर पोटखराब म्हणून नोंदलेली खडकाळ, उथळ मातीची जमीन पुष्कळ खातेदारांपाशीं असते. तिजकडे कोणी लक्ष देत नाहीं. पुढें चैत्र-वैशाखांत कडबा महाग होऊन जनावरें बाजारास नेण्याची पाळी आली, म्हणजे मात्र तिची आठवण होते. अशा जमिनींत बीं पेरून कुरण कसें करावें, हें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम कुरण बिघडतें कां, तें पाहूं. पवना, शेडा, मारवेल हीं उत्तम गवतें जनावरें आधीं खातात. बीं धरण्यापूर्वींच तीं खुडलीं गेल्यामुळें वर्षानुवर्षें विरळ होत जातात व त्यांची जागा कुसळी घेते. तिचीं कुसळें मेंढ्यांच्या लोकरींत व तोंडांत रुततात. एकदां ही स्थिति आली म्हणजे नुसत्या चांगल्या पावसानें कुरण सुधारत नाहीं. बीं बाहेरून आणून पेरावें लागतें.

हलक्या, रेताड व कमी पावसाच्या जमिनीस अंजन गवत योग्य. मध्यम काळ्या व ओल धरणाऱ्या जमिनींत मारवेल चांगलें येतें. मुरमाड उतारावर पवना व शेडा टिकतात.

बियांच्या बाबतींत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, या बियांवर केसाळ टरफल असतें आणि पुष्कळ टरफलें आंतून पोकळ निघतात. म्हणून मूठभर बीं तळहातावर चोळून आंत दाणा आहे कीं नाहीं हें पाहावें. नंतर शंभर बिया ओल्या गोणपाटांत ठेवून किती उगवतात तें मोजावें. दुसरी, ताजें बीं लवकर रुजत नाहीं. आश्विन-कार्तिकांत गोळा केलेलें बीं वाळवून कोरड्या जागीं ठेवावें व पुढील पावसाळ्यांत पेरावें. सहा ते आठ महिन्यांच्या विसाव्यानें त्याची उगवण सुधारते. मारवेलाचें बीं चांगलें न मिळाल्यास त्याचे ठोंबहि लावतां येतात.

प्रस्तुत लेखकानें पहिल्या वर्षीं अंजनाचें बीं ज्वारीप्रमाणें पाभरीनें खोल पेरलें. पाऊस उत्तम झाला, तरी रानांत तणाशिवाय कांहीं दिसेना. दोष बियांचा नव्हता, पेरणाऱ्याचा होता. एवढ्या बारीक दाण्यास एक सेंटिमीटरहून अधिक माती वर पडल्यास कोंब बाहेर येत नाहीं. म्हणून जमीन नांगरून, कुळवून भुसभुशीत करावी; हेक्टरी ५ ते ६ किलो बीं तीन-चार पट ओलसर बारीक मातींत कालवावें, म्हणजे तें वाऱ्यानें उडत नाहीं; आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर सुमारें ५० सेंटिमीटर अंतरावरील उथळ ओळींत सोडून वरून काटेरी फांदी हलकेंच ओढावी. उतार असल्यास ओळी उतारास आडव्या घ्याव्या. महिन्याभरानें एक खुरपणी अवश्य द्यावी, कारण कोवळें गवत तणाशीं झुंजूं शकत नाहीं.

पहिल्या वर्षीं त्या रानांत एकहि जनावर सोडूं नये. मुळें अद्याप वरवर असतात. जनावर ओढून खातें तेव्हां रोप समूळ उपटतें. त्या वर्षीं बीं पिकून गळल्यावर मगच कापणी करावी, म्हणजे मोकळ्या जागा आपोआप भरतात. दुसऱ्या वर्षापासून निम्में गवत फुलावर येतांच कापावें. तें पिवळें पडेपर्यंत ठेवण्याची आपल्याकडील चाल नुकसानीची आहे. गंजी मोठी दिसते, पण त्यांतील प्रथिनें बरींच कमी झालेलीं असतात. कापतांना जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर बुडखा राखावा, त्यांतूनच पुन्हां फूट येते. ओळींच्या मधून स्टायलोसारखें द्विदल पेरल्यास चारा अधिक पौष्टिक होतो व जमिनीस नत्रहि मिळतें.

हीं गवतें बहुवर्षायु आहेत. एकदां नीट जमलेलें कुरण पुष्कळ वर्षें चारा देतें. यांत पैशापेक्षां एका वर्षाचा धीर अधिक लागतो. तो ज्यानें धरला, त्याला वैशाखांत आपलीं जनावरें विकण्याची वेळ सहसा येणार नाहीं.