आठ महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचा खर्च

नेरळ-माथेरान रेल्वे ही एका व्यापारी घराण्याच्या पैशातून उभी राहिली, ही गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही. लष्कराला तंबू पुरविणारे मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल दिले. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात काम तडीस नेले. खर्च झाला सोळा लाख रुपये. दोन फुटी रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरचा घाट आणि वीस मीटरला एक मीटर असा चढ! पावसाळ्यात घाटातील वाहतूक बंद, म्हणजे आठ महिन्यांच्या उत्पन्नावर बारा महिन्यांची देखभाल. असा प्रस्ताव घेऊन कोणी आज पेढीवर आला, तर त्याला चहा मिळेल. कर्ज मिळणे कठीण.

या गाडीच्या नादी लागलेले एक गृहस्थ अलिबागच्या बाजारपेठेत धान्याचा व्यापार करतात. अलिबागला प्रवासी गाडी नाही. थळच्या खत कारखान्यासाठी पेणहून आलेला फाटा मालगाड्यांचा. रेल्वेचे वेड बहुधा अशाच गावी जडते. दिवाळीचा हिशेब आटोपला की एक दिवस दुकान मुलावर सोपवून ते पहाटेच्या एसटीने खोपोली गाठतात आणि तेथून लोकलने नेरळला येतात. गळ्यात कॅमेरा, पिशवीत खाकरे आणि उकळून गार केलेले पाणी.

पहिले छायाचित्र नेरळ स्थानकात जतन करून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनाचे. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने या मार्गासाठी अशी चार इंजिने बांधली. तीव्र वळणांवर ताठ आसाची चाके रुळांशी झगडतात. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांना आतल्या घट्ट आसाभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस बसविला होता, जो वळणावर किंचित कलत असे. हे गृहस्थ गुडघ्यावर बसून नेमकी तीच चाके टिपतात. बरोबरचे प्रवासी धुराड्याशी उभे राहून स्वतःची छबी काढून घेत असतात. १९८२ साली वाफेचे युग येथे संपले. चौघांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडमध्ये लेटन बझार्ड येथे आहे.

डिझेल इंजिने पन्नासच्या दशकात जर्मनीच्याच युंग कंपनीकडून आली. त्यांना वाफेची ऐट नाही, हे खरे. पण डोंगर त्यांनीही तितक्याच चिकाटीने चढला आहे, आणि छायाचित्रकारांनी त्यांची उपेक्षा केली हे योग्य नव्हे.

रुळांवरून चालण्यास मनाई असल्याने ते टॅक्सीने निघतात आणि रस्ता जेथे रूळ ओलांडतो तेथे उतरतात. गाड्या मोजक्याच. एक चुकली तर दुसरीसाठी तास-दोन तास कातळावर बसून राहावे लागते. आधी शिट्टी ऐकू येते, मग दरीपलीकडे डबे दिसतात, पुन्हा झाडीत लपतात. हाताशी येईपर्यंत ऊन सरकलेले असते.

त्यांचा खरा छंद मात्र वेगळा आहे. जुम्मापट्टीच्या वरचे एकच वळण ते दरवर्षी त्याच दगडावरून टिपतात. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त झाला. गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी. २०१६ मध्ये डबे घसरल्याने सेवा थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी सुटली नाही. त्या वर्षांतल्या चित्रांत नुसते वळण आहे, गवत आहे; गाडी नाही. ती चित्रे त्यांनी फाडली नाहीत. वहीत तारीख घालून इतरांच्याच ओळीत चिकटवली आहेत.

जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या मार्गाचे नाव २००५ पासून आहे. दुरुस्तीचा खर्च तिकिटांतून निघणे नाही, हे व्यवहार जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही रेल्वेने दर वेळी मार्ग पुन्हा उभा केला.

यंदा दुपारी उतरणारी गाडी पाऊण तास उशिरा आली. सावली रुळांवर आली होती. चालकाने हात हलविला, आणि गृहस्थांनी दोनच चित्रे घेतली. पेणच्या पुढे एसटीत त्यांनी वहीत नोंद केली : वळण तेच, दगडी भिंत नवी, गाडी आहे.