लॉर्ड हाऊ बेटावर तण उपटायला जाणारे पाहुणे

दूरच्या बेटावर पर्यावरणासाठी स्वयंसेवा करायची म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक पोत्यात भरणारी तरुण मंडळी येतात. लॉर्ड हाऊ बेटावरचं काम या चित्रात बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटरवर, टास्मान समुद्रात हे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटर, रहिवासी चारशेच्या आसपास, आणि एका वेळी बेटावर पर्यटकही 400 च. 1982 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. इथे पैसे भरून येणारे काही पाहुणे रोज सकाळचे काही तास जंगलात गुडघे टेकून तण उपटतात. या कामाबद्दलचे काही समज तपासून पाहायला हवेत, कारण त्यांच्यामुळेच अशी कामं कमी लेखली जातात.

पहिला समज असा, की इतकं दूरचं बेट माणसाच्या उपद्रवापासून सुरक्षितच असणार. खरं तर दूर असणं हीच त्याची दुबळी बाजू आहे. वटवाघळं सोडली तर या बेटावर सस्तन प्राणी मुळात नव्हतेच. त्यामुळे इथले पक्षी जमिनीवर निर्धास्त वावरत, आणि काही तर उडणंही विसरले होते. 1834 मध्ये वस्ती झाली, मागोमाग डुकरं, शेळ्या, मांजरं आली. 1918 मध्ये ‘मकाम्बो’ नावाची आगबोट किनाऱ्याजवळ रुतली आणि तिच्यातून काळे उंदीर उतरले. त्यांनी पक्ष्यांच्या निदान पाच जाती आणि कीटक-गोगलगायींसारख्या छोट्या जीवांच्या तेराएक जाती संपवल्या. इथला हाताच्या पंज्याएवढा काळाभोर काडीकिडाही 1920 च्या सुमारास दिसेनासा झाला. तो 2001 मध्ये सापडला, तोही बेटावर नाही, तर जवळच समुद्रातून उभ्या उठलेल्या ‘बॉल्स पिरॅमिड’ या उघड्या सुळक्यावर, एका झुडपाखाली. सापडलेले किडे होते अवघे 24. त्यांतल्या दोन जोड्या 2003 मध्ये आणून त्यांची पैदास सुरू झाली.

दुसरा समज, किनारा झाडला की समुद्रपक्षी वाचतात. किनारा स्वच्छ ठेवायला हवाच, पण इथल्या शियरवॉटर पक्ष्यांचं दुखणं वेगळं आहे. हे पक्षी दूर समुद्रावर चारा शोधतात, तरंगणारं प्लॅस्टिक खाणं समजून उचलतात आणि बिळातल्या पिलांना भरवतात. 2025 मध्ये एकाच पिलाच्या पोटातून प्लॅस्टिकचे 778 तुकडे निघाले. बेटाच्या किनाऱ्यावर एकही पिशवी पडलेली नसती, तरी त्या पिलाची सुटका नव्हती. ते प्लॅस्टिक समुद्रात जातं कुठून, हा प्रश्न बेटावरच्या झाडूने सुटणारा नाही.

तण उपटायला अक्कल लागत नाही, हा तिसरा समज. मला तो सर्वांत खटकतो.

बेटावरचं एक मोठं तण आपल्या चांगलं ओळखीचं आहे. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत टांगलेल्या कुंड्यांतून खाली लोंबणारी, सुईसारख्या बारीक पानांची ॲस्परॅगस. शतावरीची बहीणच ती. शोभेसाठी बागेत लावली, पक्ष्यांनी तिची लाल फळं खाल्ली आणि बी रानभर, पार कड्यांपर्यंत नेलं. जोडीला चेरी गव्हा, म्हणजे पेरूच्या कुळातलं लाल फळांचं झुडूप. ही झाडं जमीन अशी व्यापतात, की जगात दुसरीकडे कुठेही न उगवणाऱ्या स्थानिक झाडांच्या रोपांना वर यायला जागा उरत नाही.

ॲस्परॅगस ओढली की वरचा पाला हातात येतो आणि झाड पुन्हा फुटतं. जमिनीखाली तिला पाणी साठवणाऱ्या गाठी असतात. नवख्या माणसाला वाटतं, या सगळ्या गाठी वेचायच्या. पण त्या गाठींतून झाड फुटत नाही. फुटतं ते खोडाच्या बुडाशी असलेल्या गड्ड्यातून. तो नेमका खणून काढला, की गाठी मातीत राहिल्या तरी चालतात. हे कळलेला माणूस तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त जमीन मोकळी करतो आणि मातीही कमी उकरतो.

त्याहून महत्त्वाचा आहे परत येण्याचा हिशेब. मातीत पडलेलं बी उगवतच राहतं. म्हणून बेटाचे पट्टे पाडून, नव्या रोपांना फळं धरायच्या आत प्रत्येक पट्ट्यात पुन्हा फिरावं लागतं. एक फेरी चुकली, की मागची मेहनत मातीमोल. 2004 पासून बेटाच्या प्रशासकीय मंडळाने हे काम पद्धतशीर हाती घेतलं, आणि पहिल्या दहा वर्षांतच वीस लाखांहून अधिक तणं निघाली. दुर्गम कड्यांवर हेलिकॉप्टरच्या मदतीने प्रशिक्षित पथकं काम करतात. स्वयंसेवक हाताने होणारा भाग उचलतात. निसर्ग अभ्यासक इयन हटन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सहली याच कामासाठी आहेत: सकाळी तण, नंतर त्यांच्यासारख्या जाणकाराबरोबर बेटाची ओळख.

बाहेरचे लोक येऊन बेट वाचवतात आणि स्थानिक पाहत राहतात, हा समज तर सरळ अन्यायाचा आहे. निर्णयांची किंमत रहिवाशांनीच मोजली आहे. उंदरांसाठी बेटभर विष टाकायचं का, यावर 2015 मध्ये मतदान झालं तेव्हा बाजूने कौल पडला जेमतेम 52 टक्के. मुलं, गुरं, मासे, पर्यटन, सगळ्यांची चिंता होती, आणि ती रास्त होती. 2019 मध्ये मोहीम झाली तेव्हा घराघरांत आमिषाच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. उडता न येणाऱ्या वुडहेन पक्ष्यांनी विष खाऊ नये म्हणून त्यांतले बहुतेक आधी पकडून पिंजऱ्यात सांभाळले. 1980 च्या सुमारास हा पक्षी तिसाच्या आसपास उरला होता. आज त्याची संख्या हजाराच्या पुढे आहे. 2021 मध्ये पुन्हा काही उंदीर दिसले, तेही रहिवासी सावध होते म्हणून लवकर लक्षात आले आणि काढता आले.

आणि स्वयंसेवा म्हणजे फुकटचा प्रवास, असंही नाही. विमान, मुक्काम, सहलीचं शुल्क हे सगळं आपल्या खिशातून जातं आणि बेटावर काहीच स्वस्त नाही. तेवढी ऐपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. आपल्या डोंगरावरची घाणेरी हटवणाऱ्या स्थानिक गटाला सुट्टीचे चार दिवस देणं हे त्याच तोलाचं काम आहे.

सिडनी-मेलबर्नच्या मराठी कुटुंबांतून मात्र कुणी लॉर्ड हाऊला जाणार असेल, तर एक विनंती. 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये मर्टल रस्ट नावाचा बुरशीरोग या बेटावर आढळला, आणि 2023 मध्ये त्यापायी जंगलाचा काही भाग पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला. रोगाचे बीजाणू कपड्यांवरून आणि सामानावरून येतात, तणाचं बी बुटांच्या तळाला चिकटून येतं. निघण्याआधी बूट, मोजे, सॅक घासूनपुसून स्वच्छ करा, आणि बेटावर वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या ब्रशने पुन्हा साफ करा.