मांगरातली जुनी जीप

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तशी एखादी जुनी जीप तुमच्या मांगरात वर्षानुवर्षे अर्धवट सुटी पडली असेल, तर दोष आळसाचा नव्हे. सगळी गाडी एकदमच खोलली, तिथेच उत्साह संपला.

रत्नागिरीचा पाऊस जून ते सप्टेंबर ठाण मांडतो. खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा गंजतो, ताज्या रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून पत्रा नि रंग दसऱ्यानंतर. पावसात मांगरात बसून कार्बुरेटर, डायनामो, वायरिंग, असं एकेकच काम घ्यावं आणि पुरतं करावं. सुट्या भागांच्या डब्यांवर चिठ्ठ्या हव्यात. नाहीतर कुठला नट कुठला, हे आपलं आपल्यालाच उमगत नाही.

चाकं आणि ब्रेक मात्र सर्वांत आधी, बरं का! गाडी ढकलत अंगणात आली की घरच्यांनाही हुरूप येतो. चालू इंजिनापेक्षा मी याला जास्त मोल देतो.

इंजिनाचं काम लांबलं, तरी चारही प्लग काढून सिलिंडरांत थोडं तेल सोडावं. दर पंधरवड्याला गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने दोन फेरे द्यावेत. पिस्टन एकदा गंजून धरला, की बरेचदा इंजिन खोलावंच लागतं.