परमनंट मेकअप आर्टिस्ट : चांगली संधी, पण दोन दिवसांत शिकण्याची गोष्ट नव्हे

आपल्या वस्त्यांमध्ये पार्लरचे काम येणाऱ्या मुली आता बऱ्याच आहेत. कुणी आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड केलेला असतो, कुणी ओळखीच्या ताईकडे राहून थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल शिकलेले असते. हातात कला असते, पण आयब्रोच्या किरकोळ पैशांवर घर चालत नाही. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते : 'दोन दिवसांत परमनंट मेकअप शिका, महिन्याला लाखो कमवा.' मग कुणी कर्ज काढते, कुणी आईचे दागिने गहाण ठेवते आणि फी भरते.

या क्षेत्रात पैसा आहे, हे खरे. पण ज्या घरात बुडालेली रक्कम भरून काढायला मागे कुणी नसते, तिथल्या तरुणाईने हे काम नेमके काय आहे ते आधी समजून घ्यायला हवे.

हे काम म्हणजे नेमके काय?

परमनंट मेकअप हा मेकअप नसून टॅटूचाच एक प्रकार आहे. सुईने त्वचेच्या वरच्या थराखाली रंग सोडला जातो. आपल्या आजीच्या कपाळावरचे किंवा हातावरचे गोंदण याच तत्त्वावरचे. फरक इतकाच की इथे रंग उथळ सोडतात, त्यामुळे तो साधारण एक ते तीन वर्षांत फिका होत जातो. म्हणजे नाव 'परमनंट' असले तरी सुबक काम कायम टिकत नाही. बिघडलेले काम मात्र सहज जात नाही. ते काढायला लेझर लागते, आणि त्याचा खर्च मूळ कामापेक्षा जास्त होऊ शकतो.

यात अनेक प्रकार येतात. हाताच्या बारीक पात्याने भुवईच्या केसांसारख्या रेषा काढणे म्हणजे मायक्रोब्लेडिंग. मशीनने ठिपक्याठिपक्यांनी रंग भरणे म्हणजे पावडर ब्रो. याशिवाय ओठांचा रंग, पापणीची काजळरेषा आणि टक्कल झाकण्यासाठी डोक्यावर केसांच्या मुळांसारखे ठिपके देणे ही कामे असतात. केमोथेरपीने भुवया गेलेल्या स्त्रिया, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्ण, भाजल्याचे व्रण असलेली माणसे यांच्यासाठी हे काम नटण्याचे राहत नाही. आरशासमोर पुन्हा उभे राहण्याचे बळ देते. अशी कामे त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने होतात आणि तिथे कसबी हाताची कदर होते.

आपली त्वचा, आपले हवामान

बरेच कोर्स परदेशी व्हिडिओंवरून शिकवले जातात. त्यातली त्वचा गोरी आणि कोरडी असते. आपल्याकडे सावळी, गव्हाळ, तेलकट त्वचा जास्त, त्यात मुंबई-कोकणचा घाम. तेलकट त्वचेवर मायक्रोब्लेडिंगच्या रेषा पसरून पुसट होतात, म्हणून तिथे मशीनचे शेडिंग अनेकदा अधिक चांगले टिकते. सुई जास्त खोल गेली तर रंग निळसर-राखाडी दिसू लागतो. फारच उथळ राहिली तर खपलीबरोबर निघून जातो. सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळा डाग राहण्याची शक्यताही अधिक असते.

यावर सरावाखेरीज उपाय नाही. आधी कागदावर भुवया काढा, मग कृत्रिम त्वचेवर. शेकडो जोड्या काढल्यावर हाताला दाब कळू लागतो. त्यानंतर शिक्षकाच्या देखरेखीखाली जिवंत मॉडेलवर. कोर्स निवडताना तीन प्रश्न जरूर विचारा : मॉडेलवर किती कामे स्वतःच्या हाताने करायला मिळतील? जखम भरल्यानंतरचे, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनंतरचे फोटो दाखवाल का? कोर्स संपल्यावर अडचण आली तर मार्गदर्शन कोण करेल? ताज्या कामाचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. शिक्षकाची खरी पारख भरून आलेल्या त्वचेवर होते.

स्वच्छता : इथे तडजोड नाही

या कामात रक्ताशी संबंध येतो. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाला सीलबंद नवी सुई किंवा पाते, नवे हातमोजे आणि रंगाची नवी वाटी. उरलेला रंग बाटलीत परत ओतायचा नाही. पुन्हा वापरायची धातूची साधने ऑटोक्लेव्हमध्येच निर्जंतुक करावीत. पार्लरमध्ये दिसणारी निळ्या प्रकाशाची पेटी त्यासाठी पुरेशी नाही. सुया भोक न पडणाऱ्या कडक डब्यात टाकाव्यात आणि त्यांची विल्हेवाट जवळच्या दवाखान्याशी बोलून ठरवावी. त्या घंटागाडीत गेल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात, आणि ते हात कुणाचे असतात हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

स्वतःही हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात. ग्राहकाला आणखी एक गोष्ट सांगावी : सुईचे काम केल्यावर काही काळ रक्तदान करता येत नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात नाव देणाऱ्यांना हे आधीच कळलेले बरे.

'नाही' म्हणायला शिका

गर्भवती किंवा स्तनपान करणारी स्त्री, नियंत्रणात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनचे औषध, जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती : यांपैकी काहीही असेल तर काम थांबवा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. कोड असलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर सुई लागलेल्या जागी नवा डाग उमटू शकतो. ओठांवर वारंवार पुरळ येणाऱ्यांना कामानंतर ते पुन्हा उठू शकते. रंगाची आणि भूल देणाऱ्या मलमाची पॅच टेस्ट आधी करावी. भुलीचे इंजेक्शन देणे हे आपले काम नाही. १८ वर्षांखालील मुलींना स्पष्ट नकार द्यावा. आजाराची माहिती, ग्राहकाची संमती आणि फोटो वापरण्याची परवानगी लेखी घ्यावी.

'काळे ओठ गुलाबी करून देतो' ही जाहिरात सर्रास दिसते. गडद ओठांवर थेट गुलाबी रंग बसत नाही. आधी नारिंगी छटेने काळेपणा कमी करावा लागतो, तोही एकाहून अधिक बैठकींत. हे ग्राहकाला आधी सांगा. आणि सावळा रंग हा दोष आहे असे सांगून धंदा करू नका. रंगावरून कमी लेखले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

पैशांचे गणित

समजा, भुवयांच्या कामाचे ८,००० रुपये घेतले. त्यात महिना-दीड महिन्यानंतरचा टच-अपही धरलेला असतो, म्हणजे बैठकी दोन. दोन्ही वेळच्या साहित्याचे १,२०० रुपये वजा केले तर ६,८०० उरतात. महिन्याला सहा ग्राहक आले तर ४०,८००. जागेचे भाडे, वीज, जाहिरात यांत १५,००० गेले तर हाती २५,८००. पण सुरुवातीला दोनच ग्राहक आले तर १३,६०० मिळतात आणि भाडेही निघत नाही. म्हणून पहिले वर्ष पार्लरचे नेहमीचे काम सोडू नका. शक्य तर चालू पार्लरमध्ये खुर्ची भाड्याने घ्या. स्वस्त दर लावून गर्दी जमवण्यापेक्षा दहा ग्राहकांचे काम चोख करा. तेच पुढचे ग्राहक आणतात.

भांडवल कुठून आणायचे?

सावकाराकडे जाण्याआधी सरकारी दारे ठोठवा. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जाती व महिलांसाठी प्रकल्प खर्चावर शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. स्वतःचा वाटा ५ टक्के. १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कोर्सचे प्रमाणपत्र आणि साहित्याची कोटेशन घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात व महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. निधी आणि अटी बदलत असतात. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत स्पर्धा परीक्षांबरोबर अशा व्यवसायांनाही एक तास द्या. अर्ज भरून देणारा एक जण आणि बँकेत सोबत येणारा एक जण मिळाला, तर एखाद्या मुलीचा दागिना गहाण पडायचा वाचतो.

घाई करू नका. सहा महिने हात बसवा आणि मगच कुणाच्या चेहऱ्याला सुई लावा. समोरची व्यक्ती डोळे मिटून आपला चेहरा तुमच्या हाती देते. तो विश्वास सांभाळलात, तर हा व्यवसायही तुम्हाला सांभाळेल.