हिरडीतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका!

दिल्लीच्या द्वारकेतल्या मराठी मंडळींनो, हे जरूर वाचा. हिरडीतून रक्त दिसलं की बरेच जण तिथं ब्रश लावायचंच सोडतात. करायला हवं नेमकं उलटं.

माणसांच्या तोंडात जिवाणूंच्या सुमारे 700 जाती आढळल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही तर घातक जिवाणूंना जागाच मिळू देत नाहीत. लाळेतली आयजीए प्रतिपिंडं आणि लायसोझाइम त्यांच्यावर वचक ठेवतात, न्यूट्रोफिल पेशी हिरडीच्या कडेला सतत पहारा देतात. दातांवर जिवाणूंचा थर साचला की समतोल ढळतो आणि हिरडी सुजते. ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर काहींच्या दातांना धरून ठेवणारं हाड झिजतं. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की या झिजेत मोठा वाटा आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो!

1965 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांना दात घासणं थांबवायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्याही झाल्या.

मधुमेह असेल तर जास्त जपा. हिरड्यांचा आजार आणि वाढलेली साखर एकमेकांना बळ देतात. सिगारेट ओढणाऱ्यांना रक्त कमी येतं, म्हणून त्यांचा आजार लपून राहतो.

मऊ ब्रशनं घासूनही रक्त थांबलं नाही, तर तपासून घ्या. दिल्ली गेटजवळची मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था सरकारी आहे. मेट्रोच्या ब्लू लाइननं मंडी हाउस गाठा, तिथून दिल्ली गेटसाठी व्हायलेट लाइन पकडा.